एक पांढरा ठिपका

वडगावच्या आमच्या गल्लीत
दुपारी लाईट गेली की एवढी शांतता पडते
की माणसं दचकून दारात येतात.
तसल्याच एका दुपारी लाईट परत आली, ती जोरात आली,
आणि कॉम्प्युटर गेला.

माग चालू. वरचा जकार्डचा डबा चालू.
फक्त काय विणायचं ते त्याला माहीत नाही.

काडाप्पा हुलीकट्टी नक्षी काढायचे.
आधी चौकटीच्या कागदावर, मग माउसनं;
माउस धरायचे विंचू धरल्यासारखा.
गेल्या श्रावणात गेले.
त्याआधी आठ दिवस, सुपारीच्या डबीत घालून
पेनड्राइव्ह दिला मला:
"अक्का, इदु इट्को. ठेव. लागेल."

लागला, पण डब्यानं ओळख दिली नाही.
दोनदा काढला, फुंकला, पदराला पुसून परत घातला.
नाही म्हणजे नाही.

खासबागेत बसलिंगचं मोबाइलचं दुकान.
त्यानं खोक्यातनं नखाएवढं काहीतरी काढलं, ऐंशी रुपये:
एका तोंडात पेनड्राइव्ह, दुसरं तोंड माझ्या फोनात.
"ओटीजी म्हणतात ह्याला."
सेटिंगमधलं एक बटण सरकवलं.
"दहा मिनिटं हात लावला नाहीस
तर आपोआप बंद होतंय बघ. लई शाणा फोन आहे."

शाण्यानं पहिल्यांदा विचारलं ते हे:
ड्राइव्ह वाचता येत नाही. फॉरमॅट करायचा?

अंगठा निघालाच होता.
जन्मभर विचारणाऱ्याला होय म्हणायची सवय.

"ब्याड, ब्याड!" बसलिंग स्टुलावरनं उठला.
"होय म्हटलीस की सगळं पुसलं.
जुन्या कॉम्प्युटरची पद्धत वेगळी, फोनची वेगळी.
थांब, वाचणारं ॲप घालतो."

बॅटरी चौदा टक्के.
त्याच भोकात चार्जर लागतो, म्हणून तोही लावता येईना.
मी आकड्याकडं बघत बसले,
दूध उतू जाताना बघतात तशी.

मग उघडलं.
एकाखाली एक नावं, इंग्रजी अक्षरात,
ते बोलायचे तशीच, मराठीत कन्नड मिसळून:
कोयरी मोठी.
कोयरी मोठी, खरी.
रुईफूल स्वल्प बारीक.
तेर, चाक नसलेला.
शेटजी नको म्हणाले.
शेटजी नको म्हणाले, दोन.

काळ्यावर पांढरे ठिपके, एवढंच असतं नक्षीत.
एक ठिपका, एक धागा उचलायचा.
दोन बोटांनी मोठी केली की कोयरी मोडते
आणि मुंग्या राहतात.

शेवटच्या फाइलला नाव नव्हतं, नुसती तारीख.
उघडली तर काळी. सगळी काळी.
"बिघडलीय," बसलिंग म्हणाला, "सोड."
मी सोडली नाही. पोरीच्या डोक्यातली ऊ शोधावी
तशी सरकवत गेले, ओळीनं, कड न चुकवता.
अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात,
एक.

हात थरथरायचा त्यांचा शेवटी शेवटी.
चुकून बटण दाबलं गेलं असेल.

सगळं आधी फोनमध्ये उतरवलं.
मग नवा पेनड्राइव्ह लावला, तोही कोराच,
त्यानंही विचारलं, फॉरमॅट करायचा?
ह्या वेळी होय म्हटलं.
तो मागानं घेतला.

रविवारी शेटजी येत नाहीत.
वांगी रंगाच्या कोऱ्या पदराला
मी ती काळी फाइल लावली.
अर्धा तास माग काहीच विणल्यासारखं करत नव्हता,
नुसता खडखडत होता. त्यातच कधीतरी
एक हूक एकदाच वर गेला असणार.

पदर आता माझ्याकडं आहे.
उजेडात धरून बघितला तर सापडत नाही.
अंगठ्याला सापडतो.